स्विच बंद, चकती फिरते

३ मार्च २००२, रविवार

निवृत्त होऊन दोन महिने झाले. वीज मंडळाच्या दक्षता पथकात जन्म गेला, त्यामुळे दिवसभराचं टिपून ठेवल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. आता चोऱ्या पकडायला कुणी पाठवत नाही, म्हणून घरातलंच टिपतो. आणि सध्या घरात टिपण्यासारखं बरंच आहे.

दुपारी पुन्हा वायर जळाल्याचा वास आला. जळक्या रबराचा, घशात बसणारा. सगळे बोर्ड उघडून पाहिले, काही नाही. मग सगळे स्विच बंद केले आणि बाहेर जाऊन मीटरची चकती पाहिली. हा माझा जुना मंत्र. स्विच सगळे बंद आणि तरी चकती फिरत असेल, तर गळती घराच्या आत आहे, बाहेर चोर शोधत बसू नये. चकती जागच्या जागी उभी होती. वळलो तर अंजना दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

"वास येऊन राहिला न?" मी विचारलं.

"मले तर नाही येत." मग म्हणाली, "काय चघळून राहिले होते तुम्ही?"

"मी? काहीच नाही."

"बरं."

हे "बरं" मला आवडलं नाही. मीटरच्या खोलीची किल्ली मागितली की चोर गिऱ्हाईक असंच "बरं" म्हणायचं आणि आत जाऊन बसायचं. किल्लीवरून आठवलं, स्कूटरची किल्ली खिळ्यावर नाही. विचारलं तर म्हणाली, असंल कुठंतरी.

५ मार्च, मंगळवार

किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली. तांदळात किल्ली आपोआप जात नाही. अंजनाला विचारलं तर पदराने डोळे पुसत आत गेली. म्हणजे स्कूटर विकायचा बेत आहे आणि गिऱ्हाईक पद्मजावहिनींनी आणलेलं आहे. शेजारच्या या बाई हल्ली रोज येतात आणि मी आलो की दोघी भाजीबद्दल बोलू लागतात. भाजीत एवढं बोलण्यासारखं काय असतं?

स्नेहलला रोज मीच कॉलेजात सोडतो. पोट्टी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आज म्हणते, "पापा, मैं टेम्पो से चली जाऊँगी." घरात मराठी बोल म्हटलं की हिंदीतच उत्तर देते, ते सोडा. पण टेम्पो काहून? मला तर कुणी मुलगा दिसतो यात. परवा जयस्तंभ चौकात मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले आणि ही माझ्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडायला लागली. सिग्नल हिरवा झाला होता म्हणे. मी विचारात होतो. विचार करणं हा काय गुन्हा झाला? राजधानी झाल्यापासून या शहराला कुठलीच गोष्ट थांबून करायची नाही.

तिला सांगितलं, बापाच्या जुन्या स्कूटरची लाज वाटत असेल तर तसं सांग. तीही रडली. या घरात पाणी फार झालं आहे.

१० मार्च, रविवार

शेवटी बिंग फुटलं. अंजनाला "साधना वर्गाला" जायचं आहे. तात्यापारा मोहल्ल्यात एका कापडाच्या दुकानावर हॉल आहे, तिथे यज्ञेश्वर नावाचा कुणी माणूस ध्यान शिकवतो. पद्मजावहिनींच्या बहिणीला तिथे फार फरक पडला.

"कशात फरक पडला?"

"जिवात."

"ध्यान करायचं तर विहारात कर. आपल्या बुद्धांपेक्षा हा मोठा आहे काय?"

"विहारात बसलो न आपण हिवाळाभर. झाला का फायदा?"

फायदा कशाचा व्हायचा होता, ते मला कळलं नाही. हिवाळाभर तिच्याच हट्टाने मी आनापानाला बसलो होतो. श्वासाकडे पाहता पाहता मला डुलकी लागे आणि उठलो की सगळे गुपचूप घरी जायला निघालेले असत. तिला आता गुडघ्यासाठी हा वर्ग हवा आहे म्हणते. आणि मी सोबत यायचं.

जाईन. बायकोला एकटीला लुटून घ्यायला पाठवण्याइतका मी भोळा नाही.

१२ मार्च, मंगळवार

काय काय पाहिलं, क्रमाने लिहितो.

यज्ञेश्वर हा पूर्वी इन्व्हर्टर विकायचा. हे त्याने स्वतःच सांगितलं, वर म्हणाला, "अंदर की बैटरी भी चार्ज होती है." हॉलमध्ये भोपाळहून बदलून आलेली साहेब मंडळी बरीच. नव्या राज्याने यांची झोप उडवली आहे, ती इथे शोधायला येतात. आधी डोळे मिटून श्वास. मग धमतरीकडच्या गावचा लहानू बैगा, म्हणजे तिकडचा देवऋषी, मांदर नावाचा ढोल घेऊन बसतो आणि निखाऱ्यांवर धूप टाकतो. यज्ञेश्वर सांगतो, बैगा लोक या तालावर दुसऱ्या अवस्थेत जातात, तिकडे देवता भेटते, आपल्याला शांती भेटेल. ताल वाढला तशा दोन बायका घुमायला लागल्या. इकडे याला झुपणं म्हणतात. बैगाने त्यांना विचारलं, "कोन देवता अस?" आणि त्यांनी आवाज बदलून नावं सांगितली. ताल थांबला तशा दोघी शुद्धीवर येऊन पदर सावरू लागल्या.

मी एक डोळा उघडा ठेवला होता. म्हणूनच दिसलं की खिडकीतून एक काळी तार थेट बाहेरच्या खांबावर गेली आहे. कटिया! इकडे आकड्याला कटिया म्हणतात. कूलर, ध्वनिवर्धक, सगळं चोरीच्या विजेवर. शांती फुकटची आहे. इतका आनंद मला निवृत्तीनंतर प्रथमच झाला.

तेवढ्यात तोच वायर जळाल्याचा वास आला. वाटलं, भार जास्त झाला, आता तार पेटते.

पुढच्या एका गोष्टीची मला संगती लागत नाही. वास आला, आणि पुढच्या क्षणी वर्ग संपला होता. माझे पाय ओले होते. कपाळावर काहीतरी चिकट, पुसलं तर हळदी-गुलाल. मांडीवर एक नारळ. सगळे हात जोडून बसले होते, बहुतेक प्रार्थना चालली असावी. धुपात गुंगी आणणारं काही घालतात, याबद्दल माझी आता खात्री आहे. पाय ओले कसे झाले ते मात्र सापडत नाही. कूलर गळत असेल.

रिक्षात अंजना आधी हसली, मग रडली, मग माझा हात धरून बसली. बाईला पहिल्याच दिवशी खूळ लागलं.

१९ मार्च, मंगळवार

आज तयारीने गेलो. नाकावर ओला रुमाल, प्रसाद खाल्ला नाही, पाणी घरचं.

तरी तेच. वास, आणि मग थेट शेवट. पुन्हा ओले पाय, पुन्हा नारळ. शर्टाची वरची दोन बटणं उघडी. खिसा तपासला, पाकीट शाबूत होतं. मग बटणं कशाला उघडली?

निघताना मंत्रालयातले एक उंच साहेब माझ्यापुढे एकदम वाकले. त्यांचं काही पडलं असावं म्हणून मीही वाकून शोधू लागलो, तर ते बिचारे लाजून निघून गेले. माझ्या नोकरीच्या काळात असल्या साहेबांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं. यज्ञेश्वरनेही मला पुढची मखमली गादी दिली. मी ओळखलं. याला कुणीतरी सांगितलं आहे की मी दक्षता पथकात होतो, आणि कटिया दडवायला हे लोणी लावणं चाललं आहे.

गादी घेतली. तिथून तार नीट दिसते.

२४ मार्च, रविवार

आज फार भांडण झालं. लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

उशीचा अभ्रा काढताना आत काळ्या दोऱ्यात बांधलेलं लिंबू निघालं. माझ्या घरात. बाबासाहेबांच्या फोटोखाली. माझ्या बापाने नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आईने देव्हारा नदीत सोडला, आणि माझ्या उशीत लिंबू!

"कोणी ठेवलं हे?"

"मीनं ठेवलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली," अंजना म्हणाली. "लय वाटली. शपथ मोडली मीनं. काहून मोडली ते माह्या जिवाले माहीत."

"काहून?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. सांगणार होती, मला स्पष्ट दिसलं. मग म्हणाली, "सांगतलं तर मलेच चोर ठरवसान," आणि उठून पोळ्या करायला गेली.

मी तिला चोर ठरवतो? पस्तीस वर्षांत पगार तिच्या हातात दिला. मला फार वाईट वाटलं. जेवलो नाही. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने दोन पोळ्या खाल्ल्या.

२ एप्रिल, मंगळवार

भांडण असूनही वर्गाला गेलो. तक्रार करायची तर पुरावा भक्कम पाहिजे, म्हणून अजून थोडं थांबतो. आता मी पायऱ्या चढलो की लोक बाजूला होतात. एका म्हाताऱ्या बाईने नातीला आणून माझ्यासमोर उभं केलं, तिचं लग्न जमत नाही म्हणे. मी तिला म्हटलं, मीटर वेळेवर वाचून घेत जा. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आज मात्र काहीच झालं नाही. वास नाही, गुंगी नाही. मांदर शेवटपर्यंत ऐकला. छान वाजवतो लहानू. आजूबाजूचे काही लोक खरंच कुठेतरी जाऊन येतात, हे मानावं लागेल. परत येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे असतात. मला तसं काही होत नाही. मी निराश झालेल्या यज्ञेश्वरला चहा पाजला.

८ एप्रिल, सोमवार

स्नेहलला सोडायला निघालो आणि गोल बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर उभा होतो. कॉलेज तर उलट दिशेला. स्कूटर बंद, आणि स्नेहल माझ्या पाठीला दोन्ही हातांनी घट्ट बिलगलेली. तिचे हात गार पडले होते.

"इथे काहून आलो?"

"आप ही लाए, पापा." मग म्हणाली, "अब मैं चलाऊँ?"

चालवायला कुठे शिकली, विचारलं. "मम्मी ने सिखवाया. पद्मजा आंटी की गाड़ी पे." म्हणजे माझ्या पाठीमागे हेही चाललं होतं. मी किल्ली दिली नाही. सोडून आलो, पण सारा रस्ता ती माझ्या कानात काहीबाही बोलत राहिली, अभ्यासाचं, सिनेमाचं, पाच मिनिटं गप्प बसली नाही. कुठे वळायचं तेही मलाच सांगत होती, जसा मी परगावचा पाहुणा.

बाजारात कसा गेलो, याचा विचार करतो आहे. मंगळवारच्या धुपाचा अंश अंगात राहत असेल काय? पण गेल्या मंगळवारी तर गुंगी आलीच नव्हती.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. दरवर्षीप्रमाणे विहारात त्रिशरण-पंचशील मीच म्हणवून घ्यायचं होतं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. कुणाची लहान पोरं निळे झेंडे घेऊन पुढे बसलेली. चाळीस वर्षं म्हणतो आहे, झोपेतही चुकणार नाही.

दुसऱ्या आवर्तनापर्यंत आठवतं. मग तो वास आला.

नंतर मी खुर्चीवर होतो. सदऱ्याची दोन बटणं उघडी. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी आईच्या मांडीत तोंड खुपसून रडत होती, आणि ती माझ्याकडे पाहून रडत होती. अंजना माझ्या ओठांची लाळ पदराने पुसत होती. पाय कोरडे होते. इथे कुणी माझे पाय धुतले नाहीत. नारळ नाही, गुलाल नाही. माणसं फक्त घाबरली होती.

घरी आलो. मी दार लावून बसलो, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या घरी जे केलं ते केलं. एकेक स्विच बंद केला. मांदर नव्हता. धूप नव्हता. यज्ञेश्वर नव्हता, बैगा नव्हता, प्रसाद नव्हता. गोल बाजारातही यातलं काही नव्हतं. बाकीचे ढोलावर जातात आणि ढोल थांबला की परत येतात. माझं ढोलाशी काही देणंघेणंच नाही. घरातला तो पहिला वास आला तेव्हा तर मी या वर्गाचं नावही ऐकलं नव्हतं.

सगळे स्विच बंद. तरी चकती फिरते आहे.

मी चुकीचा मीटर पाहत होतो. बाहेर येऊन अंजनाला म्हटलं, "केव्हापासून?"

तिने विचारलं नाही काय केव्हापासून. "दिवाळीपासून," म्हणाली. "तुम्ही बोलता बोलता थांबता. डोळे उघडे, पण घरात कोणी नाही. तोंड चालू राहते, बटनं चाचपता. मंग परत येता अन् काही झालंच नाही असं बोलता."

"अन् तुले सांगावंसं नाही वाटलं?"

"ऑफिसात पांडेजींनं सांगतलं तुम्हाले. आठवते? तुम्ही म्हणाले, माझी जागा पायजे त्याले. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले सगळे डॉक्टर तपासणीत कमिशन खातात. मंग मी काय करू? विहारात नेलं. तिथं लोकाईले वाटलं तुम्ही झोपले. मंग पद्मजाबाई म्हणे तिकडे चाल. तिकडे तुम्हाले पाहून सगळे पाया पडले, पाय धुतले. बैगा विचारे कोन देवता अस, तुम्ही नुसते तोंड चाळवत होते. लोकं म्हणे, मोठी देवता आहे, नाव नाही सांगत. मले त्या दिवशी बरं वाटलं हो. म्हटलं, बिमारी नसंल, देवच असंल. तुम्ही देव असले तर मराचे तर नाही."

मी देव होतो आणि हे मला एकट्यालाच माहीत नव्हतं. मला हसू आलं. तिच्यासमोर रडलो. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग तिला विचारलं, "स्कूटरवर स्नेहल मागं बसत होती, ते?"

"किल्ली लपवली तरी तुम्ही शोधलीच, मंग मीच बसवत होती तिले," अंजना म्हणाली. "तुम्ही एकटे जाऊ नाही म्हणून. ती म्हणे, मम्मी, मैं बोलती रहूँगी तो पापा नहीं रुकेंगे."

१८ एप्रिल, गुरुवार

मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. मी यंत्राचा प्लग पाहिला, सवयीने. अर्थिंग ठीक होतं.

मिरगीचा, म्हणजे फेफऱ्याचा, प्रकार आहे. मी म्हटलं, मी कधी पडलो नाही, फेस आला नाही. डॉक्टर म्हणाला, "इसमें आदमी गिरता नहीं, अंकल. बस थोड़ी देर वहाँ रहता नहीं." वास ही त्याची पहिली खूण. गोळ्या रोज, चुकवायच्या नाहीत. स्कूटरला हात लावायचा नाही.

संध्याकाळी यज्ञेश्वर पेढे घेऊन आला. रामनवमीला जवारा, म्हणजे उगवलेल्या गव्हाची मिरवणूक, निघणार, माझी गादी सजवली आहे, मंत्रालयातले ते साहेब बायकोला घेऊन येणार. "आपके बिना दरबार सूना है."

खरं लिहितो, मन क्षणभर गेलं तिकडे. गोळी घेतली नाही तर काय होईल, एवढाही विचार येऊन गेला. तिथे मी पायऱ्या चढलो की माणसं बाजूला होतात. इथे मी एक निवृत्त माणूस आहे, ज्याला बायकोने भाजी आणायला एकटं पाठवायचं नाही.

अंजना दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती, पहिल्या दिवशी मीटरजवळ पाहत होती तशीच. हे पाहणं मी तेव्हा कटकारस्थान समजलो होतो.

यज्ञेश्वरला म्हटलं, "बेटा, देवता गोळ्या घेऊन राहिली आता. तू जा, अन् वर जाऊन आधी ती कटिया काढ."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पेढे ठेवून गेला. पेढे चांगले होते.

२८ एप्रिल, रविवार

किल्ली खिळ्यावर आहे. ती मी घेत नाही. स्नेहल चालवते, मी मागे बसतो. वेगात नेते, वळणावर हात दाखवत नाही, सांगावं लागतं.

आज सदर बाजारात गर्दीत अडकलो असताना तो वास आला. डॉक्टर म्हणालाच होता, गोळ्या लागू पडायला वेळ लागेल. आजवर या वासाला मी कुणाची तरी चोरी समजून शोधायला निघत असे. आज मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बेटा, वास येऊन राहिला." एवढंच आठवतं.

पुढचं मला माहीत नाही, ते स्नेहलने सांगितलं. चक्क मराठीत सांगितलं, तोडक्यामोडक्या. म्हणाली, मी गाडी एका सोनाराच्या ओट्यापाशी लावली, तुम्हाले खाली बसवलं, तुम्ही माझी ओढणी घट्ट धरून बसले. सोनाराने पाणी आणलं. एक बाई विचारत होती, देवता आली काय? मी म्हटलं, नाही, माझे बाबा आहेत, आता येतील परत. अन् तुम्ही आले.

तिने सांगितलं तसंच लिहून ठेवलं आहे. तपासलं नाही.